पाण्याला उशीर करणारी वाट

घरातल्या मोरीत बादलीभर पाणी एकदम उपडे केले, तर ते उंबरा ओलांडून बाहेर येते. तीच बादली तांब्या-तांब्याने रिकामी केली, तर एक थेंबही बाहेर येत नाही. पाणी तेवढेच आणि मोरीचे तोंडही तेवढेच. फरक पडला तो फक्त वेळेचा.

पुराचे निम्मे शास्त्र या मोरीत आहे. किती पाऊस पडला एवढेच पाहून पुराचा अंदाज येत नाही. पडलेले पाणी किती वेळात नदीत आले आणि किती वेळात समुद्रात गेले, हेही पाहावे लागते. ६० लिटर पाणी एका मिनिटात आले तर दर सेकंदाला एक लिटर, दहा मिनिटांत आले तर दर सेकंदाला फक्त शंभर मिलिलिटर. म्हणजे वाटेत पाण्याला जो जो कोणी उशीर करतो, तो तो पुराची उंची कमी करतो.

निसर्गात हे उशीर करण्याचे काम मुख्यतः तिघे करतात : जंगल, नदीकाठ आणि खाडीतील दलदल. ही तिन्ही ठिकाणे पाठ्यपुस्तकात वेगवेगळ्या धड्यांत येतात. प्रत्यक्षात ती एकाच वाटेवरची तीन स्थानके आहेत. मुलांना, त्यांच्या आई-वडिलांना, जमल्यास आजी-आजोबांनाही सोबत घेऊन पायी पाहता येतील अशी ही ठिकाणे आहेत. या लेखात आपण तीन फेरफटके आखू. प्रत्येक फेरफटका दोन-अडीच तासांचा असावा आणि प्रत्येकात प्रश्न एकच असावा : इथे पाण्याला उशीर कोण करतो, आणि कसा?

एक छोटी नदी

उदाहरणासाठी आम्ही मुंबईतील दहिसर नदी निवडली आहे. तिची लांबी जेमतेम १२ किलोमीटर. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात तुळशी तलावाजवळच्या टेकड्यांत ती सुरू होते, जंगलातून उतरते, बोरिवली व दहिसरच्या वस्तीतून वाहते आणि मनोरीच्या खाडीतून समुद्राला मिळते. जंगल, नदीकाठ आणि खाडी एवढ्या थोड्या अंतरात एका नदीवर क्वचितच पाहायला मिळतात.

ही नदी निवडण्याचे दुसरे कारण म्हणजे २६ जुलै २००५. त्या दिवशीच्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच मुंबईत कुलाब्याला मात्र सुमारे ७४ मिलिमीटरच पाऊस झाला होता. दुपारी पावणेतीनच्या सुमारास ४.४८ मीटर उंचीची भरती होती. मिठी, ओशिवरा, पोयसर आणि दहिसर या चारही नद्यांकाठच्या वस्तीत पाणी शिरले. मोरीच्या भाषेत सांगायचे तर बादली एकदम उपडी झाली, आणि नेमके तेव्हाच मोरीचे तोंडही बंद झाले होते.

९४४ मिलिमीटर म्हणजे किती, हे मुलांना वर्गातच काढू द्या. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. आठ मीटर लांब आणि सहा मीटर रुंद अशा वर्गाच्या छपरावर त्या दिवशी ४५ हजार लिटरहून अधिक पाणी पडले असते. दहा हजार लिटरचे साडेचार टँकर! एका वर्गाच्या छपरावर एवढे, तर साऱ्या शहराचे काय, हा पुढचा प्रश्न मुले आपणहून विचारतात.

पहिला फेरफटका : जंगल

राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्र शंभर चौरस किलोमीटरहून थोडे अधिक आहे. दहिसर नदीच्या सुरुवातीच्या ओढ्याकाठाने शिलोंडा नावाची पायवाट जाते. तिच्यासाठी उद्यानाची पूर्वपरवानगी घ्यावी आणि माहीतगार वाटाड्या सोबत ठेवावा. पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात, ओढ्याला पाणी असते आणि पायवाटही चालण्याजोगी असते. या जंगलात बिबटे आहेत. म्हणून दिवसाउजेडी, घोळक्याने आणि लहान मुलांना मध्ये ठेवून चालावे. पाने-फुले तोडू नयेत, माती उकरू नये.

इथे पाण्याला पहिला उशीर होतो तो झाडांच्या माथ्यावर. साग, ऐन, कळंब यांच्या पानांवर पावसाचा थेंब आधी अडतो, मग फांदीवरून, खोडावरून खाली येतो. पाऊस थांबल्यावर मोकळ्या जागेत थेंब पडणे बंद होते, पण झाडाखाली बराच वेळ ठिबकत राहते. शाळेच्या आवारातील आंब्याखाली उभे राहूनही हे घड्याळ लावून मोजता येईल. जेवढी मिनिटे ठिबकले, तेवढा त्या झाडाचा उशीर.

दुसरा उशीर जमिनीवर. उघड्या मातीवर थेंब आपटला की मातीचे बारीक कण उडतात आणि जमिनीतील छिद्रांत जाऊन बसतात. जमिनीचे तोंडच शिवले जाते, मग पाणी मुरण्याऐवजी वाहू लागते. जंगलात पालापाचोळ्याची गादी हा मार स्वतः झेलते. खाली गांडुळांची व वाळवीची बिळे, कुजून गेलेल्या मुळांच्या पोकळ्या यांतून पाणी आत शिरते. उतारांवर कारवीची दाट झुडपे असतात. आठ वर्षांतून एकदा फुलणारी ही वनस्पती इथे २०१६ आणि २०२४ साली फुलली होती. लोक फुलांसाठी गर्दी करतात, पण उरलेली सात वर्षे ती उतारावरची माती धरून उभी असते, याकडे कोणी पाहत नाही.

मुरण्याचा वेग मोजण्याचा प्रयोग शाळेच्या मैदानात करावा, उद्यानात नव्हे. दहा सेंटिमीटर व्यासाचा पत्र्याचा डबा घ्या. त्याची दोन्ही तोंडे मोठ्या माणसाकडून कापून घ्या आणि कडा ठोकून बोथट करा. हे नळकांडे तीन सेंटिमीटर जमिनीत दाबा. त्यात सुमारे ४०० मिलिलिटर पाणी ओतले की पाण्याची उंची पाच सेंटिमीटर होते, म्हणजे ५० मिलिमीटर पाऊस झाला. हे पाणी मुरायला किती वेळ लागतो ते मोजा. एकदा झाडाखालच्या भुसभुशीत जमिनीत आणि एकदा रोज खेळून घट्ट झालेल्या मैदानात. दोन्ही आकडे फळ्यावर शेजारीशेजारी लिहिले की वेगळे काही सांगावे लागत नाही. सिमेंटच्या अंगणात तर डबा दाबताच येत नाही, हेही एक निरीक्षणच आहे.

याच डोंगरात कान्हेरीची लेणी आहेत. लेण्यांसोबत खडकात पाण्याची टाकी कोरलेली आहेत. तिथल्या शिलालेखांत अशा टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे, आणि कल्याणच्या एका सोनाराने पोढी दान दिल्याचा लेखही तिथे आहे. पावसाळ्यातील पाणी उन्हाळ्यापर्यंत अडवून ठेवायचे, म्हणजे त्याला सहा-आठ महिन्यांचा उशीर करायचा, ही गोष्ट जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांना नीट ठाऊक होती.

मात्र एक गोष्ट मुलांना स्पष्ट सांगावी. जंगल म्हणजे तळ नसलेली विहीर नव्हे. संततधार पावसाने जमीन पूर्ण भरली की जंगलातूनही पाणी वाहतेच. जंगल पूर नाहीसा करत नाही. तो हळूहळू यावा अशी तजवीज करते.

दुसरा फेरफटका : नदीकाठ

उद्यानाच्या हद्दीत ओढा दगडाधोंड्यांतून वळणे घेत जातो. काठावर करंज, जांभूळ, उंबर दिसतात. त्यांची मुळे पाण्यात उतरलेली असतात. प्रवाह एखाद्या खडकावर आपटतो, डोहात घुटमळतो, पुन्हा निघतो. यांतली प्रत्येक अडचण म्हणजे उशीर.

वेग मोजणे अगदी सोपे आहे. उथळ, शांत ओढ्याकाठी दहा मीटर अंतर दोरीने मोजून दोन खुणा करा. वरच्या खुणेपाशी वाळके पान सोडा आणि खालच्या खुणेपर्यंत यायला लागलेले सेकंद मोजा. वीस सेकंद लागले तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला अर्धा मीटर. तळाशी घर्षणामुळे वेग कमी असतो, म्हणून सरासरी वेगासाठी या आकड्याला ०.८५ ने गुणतात. वळणावर पान बाहेरच्या काठाने गेले की आतल्या काठाने, तेही पाहा. बाहेरच्या काठाशी वेग जास्त, म्हणून तो काठ खरवडला जातो. आतल्या काठाशी वेग कमी, म्हणून तिथे वाळू साचते. पावसाळ्यात किंवा पाणी गढूळ असताना मुलांना काठावर नेऊ नये. डोंगरात पाऊस झाला तर ओढ्याचे पाणी काही मिनिटांत चढू शकते.

वेगाला इतके महत्त्व का? वेग दुप्पट झाला की पाणी किती मोठा दगड हलवू शकेल, असे मुलांना विचारा. बहुतेक जण ‘दुप्पट’ म्हणतात, काही ‘चौपट’ म्हणतात. उत्तर आहे चौसष्टपट! दगडावरचा पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाप्रमाणे आणि दगडाच्या समोरच्या क्षेत्रफळाप्रमाणे, म्हणजे त्याच्या व्यासाच्या वर्गाप्रमाणे, वाढतो. दगडाचे वजन वाढते ते व्यासाच्या घनाप्रमाणे. रेटा आणि वजन यांची बरोबरी मांडली तर हलू शकणाऱ्या दगडाचा व्यास वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात येतो. वजन म्हणजे व्यासाचा घन, म्हणून ते वेगाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात येते. दोनचा सहावा घात चौसष्ट. नववी-दहावीच्या मुलांना हे गणित फळ्यावर सहज समजते. शांत दिसणारी नदी पुरात पुलाचे दगड कसे उचलते, याचा उलगडाही त्यातच होतो.

आता वस्तीतील नदी पाहू. इथला फेरफटका रस्त्याच्या पदपथावरून आणि पुलांवरूनच करावा, पाण्याला हात लावू नये. इथे नदीत सांडपाणी येते, गोठ्यांचे शेण येते. दोन्ही बाजूंना भिंती आहेत. भिंतीमुळे लगतच्या घरात पाणी शिरणे टळते, हे खरे. पण गुळगुळीत, सरळ भिंतींमधून पाणी वेगाने पुढे जाते. म्हणजे वरच्या भागाची अडचण खालच्या भागाकडे, तीही लवकर, पोचते. पूर्वी पुराचे पाणी काठच्या सखल जमिनीवर पसरत असे आणि दोन-चार दिवसांत ओसरत असे. ती पसरण्याची जागाही नदीचीच होती. पुलावर उभे राहून मुलांना एवढेच विचारावे : आज रात्री या नदीत दुप्पट पाणी आले, तर ते पसरेल कुठे?

तिसरा फेरफटका : खाडी

नदी सर्वांत शेवटी खारफुटीत शिरते. बोरिवलीच्या बाजूने गोराईच्या धक्क्यावरून पलीकडे होडी जाते. धक्क्यावरून आणि होडीतून दोन्ही काठांची खारफुटी नीट दिसते. मुलांना चिखलात उतरवू नये. वरून टणक वाटणाऱ्या या चिखलात मोठा माणूसही गुडघाभर रुततो.

इथे सर्वाधिक दिसते ते तिवर. ओहोटीच्या वेळी त्याच्या बुंध्याभोवती चिखलातून शेकडो पेन्सिली उभ्या केल्यासारखी मुळे दिसतात. ही श्वसनमुळे. खाडीचा चिखल इतका बारीक आणि पाण्याने इतका भरलेला असतो की त्यात हवा शिरत नाही. हवेच्या तुलनेत पाण्यातून प्राणवायू सुमारे दहा हजारपट सावकाश पसरतो. म्हणून मुळांना वर यावे लागते. मुळांवर बारीक छिद्रे असतात. भरतीत मुळे बुडतात आणि आतला प्राणवायू वापरला जाऊन आतील दाब कमी होतो. ओहोटीत छिद्रे उघडी पडली की बाहेरची हवा आत ओढली जाते. शोलँडर या शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह १९५५ साली हे प्रयोगाने दाखवले. म्हणजे तिवराचे झाड समुद्राच्या तालावर श्वास घेते. कोणी मातीचा भराव टाकून भरतीचे पाणी अडवले, किंवा पाणी साचून मुळे कायमची बुडाली, तर कुऱ्हाड न लावताही हे झाड गुदमरून मरते.

चिखलाला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. मुले नाक दाबतात आणि ‘घाण’ म्हणतात. हा वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो. प्राणवायू नसलेल्या चिखलातील जीवाणू समुद्राच्या पाण्यातील सल्फेट वापरून जगतात, त्यातून हा वायू तयार होतो. म्हणजे हा वास निरोगी खाडीतही असतो. सांडपाण्याची दुर्गंधी आणि खाडीचा स्वतःचा वास यांतला फरक ओळखायला शिकवले पाहिजे, कारण ‘घाणेरडी जागा’ हे नाव पडले की ती जागा भरून टाकायला कोणाचीच हरकत राहत नाही.

चिखलावर निवट्या उड्या मारताना दिसतील. एक नांगी भली मोठी असलेले छोटे खेकडे दिसतील. खेकड्यांची बिळे चिखलात हवा आणि पाणी खेळते ठेवतात. तिवराच्या पानावर मिठाचे बारीक कण चमकतात, ते झाडाने बाहेर टाकलेले जास्तीचे मीठ असते. कांदळ दिसले तर त्याच्या फांदीवर लोंबणाऱ्या लांब हिरव्या शेंगांसारख्या वस्तू मुलांना दाखवा. ती झाडावरच रुजलेली रोपे असतात. चिप्पीच्या तीन-चार जाती आपल्या किनाऱ्यावर आढळतात. त्यांतली पांढरी चिप्पी २०२० साली महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष म्हणून घोषित झाली.

इथे उशीर कसा होतो? मुळांच्या दाटीत पाण्याचा वेग मंदावतो. वेग निम्मा झाला तर वाहून नेण्याची ताकद चौसष्टाव्या हिश्शावर येते, हे आपण नदीकाठी पाहिले. म्हणून डोंगरातून निघालेला गाळ इथे बसतो. यात मीठही मदत करते. काचेच्या दोन पेल्यांत सारखेच गढूळ पाणी घ्या, एकात दोन चमचे मीठ ढवळा आणि दोन्ही पेले स्थिर ठेवा. मिठाचा पेला आधी निवळू लागेल. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात. मिठातील धनभारित कणांमुळे हा दुरावा कमी होतो, कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि खाली बसतात. नदी आणि समुद्र भेटतात तिथे हाच प्रयोग सतत चालू असतो.

शिवाय खाडी पाण्याला पसरायला जागा देते. एक हेक्टर दलदलीवर एक मीटर पाणी पसरले तर ते एक कोटी लिटर होते, म्हणजे दहा हजार लिटरचे एक हजार टँकर. तेवढी जागा भरावाखाली गेली, तर हे हजार टँकर पाणी दुसरीकडे कुठेतरी जाणारच.

खाडीवर केव्हा जावे?

जंगलात आपण घड्याळ पाहून जातो, पण खाडीवर चंद्र पाहून जावे लागते. मुळे पाहायची तर ओहोटी हवी. कोकणात यासाठी एक जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. तर पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती, आणि सुमारे सहा तासांनी, सकाळी नऊच्या आसपास, ओहोटी. मुलांना न्यायला ही वेळ उत्तम.

हा हिशेब जमतो कसा? पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी मारते तोवर चंद्र थोडा पुढे सरकलेला असतो, म्हणून भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे. तोंडी हिशेबाला सोपा म्हणून पाऊणचा आकडा घेतलेला आहे. पंधरवड्याच्या अखेरीस त्यात तासाभराची चूक साचते, म्हणून सहलीचा दिवस छापील भरती-ओहोटीचे कोष्टक पाहूनच पक्का करावा. पण कोष्टक आणि पाऊणपटीचा हिशेब महिनाभर शेजारीशेजारी लिहून चूक कशी वाढत जाते ते पाहणे, हा आठवीच्या वर्गासाठी फार चांगला प्रकल्प होईल. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. तेव्हा मुंबईत भरती-ओहोटीतील फरक चार मीटरच्याही वर जातो. अष्टमीच्या सुमारास भांग असतो आणि हा फरक बराच कमी होतो.

आपल्या गावात

सर्व शाळा मुंबईत नाहीत, आणि त्याची गरजही नाही. कोकणातील बहुतेक नद्या सह्याद्रीतून निघून थोड्याच अंतरात खाडीला मिळतात, तिथे हे तिन्ही फेरफटके तालुक्याच्या हद्दीतही जमतील. देशावर, विदर्भात, मराठवाड्यात खाडी नाही, पण गावतळ्याचा पाणथळ काठ आहे, लव्हाळा आणि पाणकणीस वाढलेली ओढ्याकाठची जागा आहे. पाण्याला उशीर करण्याचे काम तीही करते.

खारफुटीला आता कायद्याचे संरक्षण आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये तोडीवर बंदी घातली आणि सप्टेंबर २०१८ च्या निकालाने ती कायम केली. पण गावतळ्याच्या काठाला, ओढ्याच्या वळणाला, पुराचे पाणी पसरणाऱ्या पडीक जमिनीला असे संरक्षण क्वचितच मिळते. ‘ही जागा नुसतीच पडून आहे’ असे म्हणत ती बुजवली जाते. ती पडून नसते, कामावर असते. मात्र ते काम वर्षातून चार-दोन दिवसच दिसते, आणि त्या दिवशी पाहायला कोणी गेलेले नसते.

म्हणून आमची शिक्षकांना एक विनंती आहे. तिन्ही फेरफटके झाल्यावर मुलांकडून गावाचा एक साधा नकाशा काढून घ्यावा. पाऊस पडतो तिथून पाणी गावाबाहेर जाईपर्यंतची वाट त्यावर निळ्या खडूने दाखवावी. जिथे पाण्याला उशीर होतो तिथे हिरवी खूण आणि जिथे ते धावत सुटते तिथे लाल खूण करावी. हा नकाशा शाळेच्या व्हरांड्यात लावावा आणि दरवर्षी नव्या वर्गाकडून पुन्हा काढून घ्यावा. चार-पाच वर्षांचे नकाशे शेजारी लागले की हिरव्या खुणा किती उरल्या, हे ग्रामसभेला येणाऱ्या मोठ्या माणसांनाही मोजता येईल.